सीसीआयई झालात? अभिनंदन, आता एक्सेल शिका

सगळ्यात आधी अभिनंदन. सीसीआयई म्हणजे राउटर-स्विच बनवणाऱ्या सिस्को कंपनीची नेटवर्किंगमधली अतिशय अवघड परीक्षा, आणि ती तुम्ही पास झालात. बंगलोरच्या लॅबमध्ये आठ तास मान मोडून बसलात, सोळाशे डॉलर म्हणजे लाखाच्या वर रक्कम घरी नीट न सांगता भरलीत, गणपतीत आरती चालू असताना आतल्या खोलीत ओएसपीएफचे, म्हणजे राउटरांना रस्ते शिकवणाऱ्या प्रोटोकॉलचे, एरिया जोडत बसलात, आणि आता तुमच्याकडे नंबर आहे. तो आधी सगळीकडे लावून टाका, लिंक्डइनवर नावापुढे, मेलच्या सहीत, लग्नाच्या बायोडेटात, जमलं तर गाडीच्या मागच्या काचेवर. कोणी विचारलंच की हा कसला नंबर, तर न चिडता सांगायचं की सिस्कोने हे १९९३ ला सुरू केलं, नंबर १०२४ पासून दिले आणि तो पहिला १०२४ माणसाला नाहीच, लॅबलाच दिला, माणसं १०२५ पासून. लॅबचं बरं आहे खरं तर, तिला रात्री दोनला कोणी फोन करत नाही.

आता ऑफिस. पहिल्या दिवशी रूट रिफ्लेक्टर वगैरे जड गोष्टी डोक्यात घेऊन जाऊ नका, उगाच त्रास होईल. तुम्हाला एक शीट मिळेल. त्यात चार शाखांमधले नेटवर्क स्विच, त्यांचे सिरीयल नंबर, एएमसी (वार्षिक देखभालीचा करार) कधी संपते, आणि शेवटचा कॉलम 'रिमार्क्स', तो तुम्ही भरायचा. एक्स्पर्ट आहात ना, मग भरा. परीक्षेत डिझाइनच्या तीन तासांत एकदा पुढच्या प्रश्नावर गेलं की मागे येता येत नाही, ते शिस्तीचं वाटतं ना? इथे तसलं काही नाही, इथे डिझाइन फायनल झाल्यावर साहेबांना वायफायचा खर्च जास्त वाटतो, मग परत पहिल्यापासून, मग परचेसवाले म्हणतात हेच मॉडेल थोडं स्वस्तात दुसऱ्या कंपनीचं मिळतंय, घ्यायचं का.

पण खरं कौशल्य लागतं ते पी-वन कॉलवर, म्हणजे सगळ्यात तातडीच्या बिघाडाच्या कॉलवर. रात्री साडेअकराला कॉन्फरन्स ब्रिज उघडतो, आत पंचवीस माणसं, त्यातली वीस म्यूटवर, आणि एकच वाक्य ऐकू येतं, अ‍ॅप स्लो आहे, नेटवर्क टीम प्लीज चेक. तुम्ही पिंग (जाऊन-येऊन लागलेला वेळ) दाखवा, दोन मिलिसेकंद, एकही ड्रॉप नाही. इंटरफेसवर एरर शून्य दाखवा. मग पॅकेट कॅप्चर, म्हणजे वायरवरून गेलेल्या डेटाची नोंद, उघडून, स्क्रीन शेअर करून, बोटाने दाखवल्यासारखं सांगा की हे बघा, इथे जोडणी मागणारं सिन गेलं, इथे लगेच होकाराचं सिन-अ‍ॅक आलं, इथे रिक्वेस्ट पोचली, सर्व्हरने तिची पोचपावतीही दिली आणि त्यानंतर नऊ सेकंद तुमचा सर्व्हर गप्प बसलाय. यावर शांतता होईल. मग एकजण अनम्यूट होऊन अतिशय नम्रपणे म्हणेल, ओके, पण तरी एकदा नेटवर्क साइडने चेक करता येईल का? तेव्हा चिडायचं नाही. 'चेक करतो' म्हणायचं, चहा करायचा, पंधरा मिनिटांनी येऊन 'आता बघा' म्हणायचं. तोवर डेटाबेसवाल्याने गुपचूप डिस्क साफ केलेली असते. सगळे म्हणतात, हो हो आता चालतंय, नेटवर्क टीमने काय केलं नक्की? आणि आरसीए, म्हणजे बिघाडाच्या मूळ कारणाचा रिपोर्ट, लिहायला तुम्हालाच सांगतात. खरं कारण लिहू नका, संबंध बिघडतात.

शनिवारची चेंज विंडो, म्हणजे नेटवर्कमध्ये बदल करायची ठरलेली वेळ, मात्र तुमची हक्काची. 'रीलोड इन टेन' ही दहा मिनिटांनी रीस्टार्टची कमांड तर टाकालच, म्हणजे स्वतःलाच बाहेर लॉक केलं तरी दहा मिनिटांत बॉक्स जुन्या कॉन्फिगवर परत उठेल. हुशार सवय आहे, सोडू नका. फक्त सगळं नीट झाल्यावर, कॉन्फिग सेव्ह केल्यावर, कस्टमरने 'ग्रेट जॉब टीम' म्हटल्यावर आणि तुम्ही लॅपटॉप मिटल्यावर 'रीलोड कॅन्सल' राहिलंय हे आठवू नका, ते कोअर स्विच स्वतः आठवण करून देतो. आणि ज्युनियरच्या हातात ट्रंक, म्हणजे अनेक व्हीलॅन (एकाच वायरवरची वेगवेगळी नेटवर्कं) वाहणारी जोडणी, देताना त्याला कमांडमधला 'अ‍ॅड' शब्द मुळीच सांगू नका. एक नवीन व्हीलॅन वाढवायला गेला आणि 'अ‍ॅड' विसरला की ट्रंकवर ती एकटीच उरते, बाकी सगळ्या गायब, अख्ख्या मजल्याचे फोन बंद. असं एकदा झालं की पोरगं जन्मात विसरत नाही, ट्रेनिंगचा खर्चही वाचतो.

एक छोटीशी सोय पण असते. पूर्वी सिस्कोचं गोल्ड पार्टनर, म्हणजे वरच्या दर्जाचा विक्रेता, व्हायला कंपनीला चार सीसीआयई दाखवावे लागायचे, त्यामुळे काही ठिकाणी माणसापेक्षा नंबरालाच मान. तुम्ही जेवायला गेलात तरी चालेल, नंबर जागेवर पाहिजे.

घरचं वेगळंच. ४ ऑक्टोबर २०२१ च्या रात्री फेसबुकने मेंटेनन्सच्या एका चुकीच्या कमांडने स्वतःचंच बॅकबोन, म्हणजे डेटा सेंटर जोडणारं मुख्य नेटवर्क, पाडलं, डीएनएसचे (नावावरून पत्ता सांगणाऱ्या सर्व्हरांचे) रूट बीजीपीमधून, म्हणजे इंटरनेटला रस्ते सांगणाऱ्या प्रोटोकॉलमधून, गेले, जवळपास सहा तास सगळं ठप्प. आणि व्हॉट्सअ‍ॅप पण त्यातच गेल्यामुळे नातेवाइकांनी विचारायला चक्क फोन केले. अशा वेळी काकांना बीजीपी समजवायला जाऊ नका. 'बघतो मी' म्हणा. पहाटे चालू झालं की क्रेडिट तुमचं, आणि काकांच्या दृष्टीने सीसीआयईचा एवढा एकच उपयोग सिद्ध झालेला आहे. सोसायटीत मात्र सांभाळून, एकदा कळलं की तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंचा राउटर आयुष्यभर तुमचा. त्यांनी तो फ्रिजमागे, स्टीलच्या डब्यांच्या रांगेत ठेवलेला असतो आणि त्यांना बेडरूममध्ये सिरीयल बघायची असते. जागा बदला म्हणालात तर 'मग तू शिकलास काय एवढं' हे ऐकायची तयारी ठेवा. त्यापेक्षा रीस्टार्ट करा, चहा-पोहे घ्या, या.

आणि हे सगळं करता करता तीन वर्षं होतात आणि रीसर्टिफिकेशनचा मेल येतो. कोर्स वगैरे करून एकशेवीस क्रेडिट गोळा करा नाहीतर पुन्हा परीक्षा द्या, आता त्यात पायथन आणि ऑटोमेशनही आहे. कंपनीला विचारा, ती म्हणेल बजेट नेक्स्ट क्वार्टरला बघू. मग स्वतःचं कार्ड काढा, डॉलरमधला आकडा एकदा बघून घ्या, पे नाऊ दाबा आणि ओटीपीची वाट बघा. नाही आला तर बिनधास्त ओरडा, काय फालतू नेटवर्क आहे यांचं.