सोवळ्यातला चाचा

चहात दोन चमचे साखर घालणाऱ्याचं आमच्या ऑफिसात काही खरं नाही. मी कप घेऊन पँट्रीत शिरलो रे शिरलो की एक ज्येष्ठ सहकारी शेजारी येऊन उभे राहतात. लगेच बोलत नाहीत. आधी साखरेच्या डब्याकडे बघतात, मग माझ्या पोटाकडे, आणि समाचाराला आल्यासारख्या आवाजात विचारतात, "अजून साखर घेता तुम्ही?"

त्या 'अजून'मध्ये माझं आख्खं चारित्र्य निघतं.

इंग्रजीत अशांसाठी 'सँक्टिमोनियस' असं भारदस्त विशेषण आहे. आपली पोरं उठसूट 'जजमेंटल' म्हणतात, पण ते यापुढे अगदीच सौम्य. जजमेंटल माणूस तुम्हाला मनातल्या मनात नापास करतो. सँक्टिमोनियस माणूस तुमचं प्रगतिपुस्तक चारचौघांत वाचून दाखवतो, वर स्वतःचंही दाखवतो. लॅटिनमध्ये या शब्दाचं मूळ चक्क पावित्र्याचं. पण शेक्सपिअरने १६०४च्या सुमारास 'मेझर फॉर मेझर' या नाटकात तो बहाल केला एका समुद्री चाच्याला. हा गडी बायबलमधल्या दहा आज्ञांची पाटी घेऊन सफरीवर निघाला, त्यातली 'चोरी करू नकोस' तेवढी खरवडून. उरलेल्या नऊ पाळायला त्याची काही हरकत नसावी. धंद्याच्या आड येत नव्हत्या ना!

आमच्या चाच्यांनी खरवडलेली आज्ञा गुळाची. ड्रॉवरमध्ये कोल्हापुरी गुळाचा डबा असतो. सुपारीएवढा खडा कपात पडतो, तो विरघळेपर्यंत 'साखर म्हणजे पांढरं विष' यावर व्याख्यान चालतं, आणि चव बघून दुसरा खडा पडतो. गूळही उसाच्याच रसाचा, त्यातही बहुतांश सुक्रोजच, असं मी एकदा म्हणून पाहिलं.

"गूळ नैसर्गिक असतो," ते म्हणाले.

म्हणजे साखरेचा ऊस काय प्लास्टिकचा असतो? पण हे मी मनात म्हटलं. अप्रेझल जवळ आलं होतं.

हल्ली त्यांनी मैद्याविरुद्धही आघाडी उघडलीय. डब्यातल्या पाव-भाजीकडे बघून परवा त्यांनी असा उसासा टाकला, की पलीकडच्या टेबलावरच्या मुलीने बिस्किटाचा पुडा पर्समध्ये सरकवला. संध्याकाळी पाचला मात्र तेच सगळ्यांना हाका मारून बाकरवडी वाटतात. तिच्या पारीत मैदा असतो, हे त्यांना सांगायला आख्ख्या ऑफिसात कोणी तयार नाही. बाकरवडी चांगली असते, आणि पैसे ते देतात.