चपला खोलीवरच ठेवा

परवा नवमीला मालवणहून घरी आलो. गेली अठरा वर्षं मनात घोळत असलेली एक गोष्ट या वेळी प्रत्यक्षात घडली, म्हणून हे लिहितेय. कोल्हापुरातल्या प्रत्येक घराला मला कळकळीनं सांगायचंय, समुद्रावर गेलात तर शेवटचा दिवस परतीच्या प्रवासात घालवू नका. तो दिवस समुद्रालाच द्या. आणि त्या दिवशी घरातल्या बायकांच्या हातात एकही पिशवी देऊ नका.

आमची कोकणची सहल म्हणजे तीन बिऱ्हाडं, अकरा माणसं, दोन गाड्या. दिवाळीचं फराळ डब्यात असतानाच निघायचं, गगनबावड्याला चहा घ्यायचा, करूळ घाट उतरायचा, वैभववाडी, कणकवली करत दुपारपर्यंत मालवण गाठायचं. जाताना गाडीत नुसता गलका असतो. पण परतीच्या दिवसाची मला दरवर्षी आदल्या रात्रीपासूनच धास्ती असायची. पहाटे पाचला उठायचं. दोरीवरचे टॉवेल अजून ओलेच. मिठानं ताठ झालेले मुलांचे कपडे, त्यांच्या खिशांतली वाळू, कुणाचा चार्जर, कुणाची औषधं. वाटेत खायला चपात्या आणि बटाट्याची भाजी. खोली दहाला सोडायची असते. मग कुणीतरी म्हणतं, "चला, शेवटचं एकदा पाण्यात जाऊन येऊ." जातात कोण? पुरुष आणि मुलं. आम्ही तिघी जावा खोलीवर पिशव्यांच्या चेनी ओढत असतो. त्यानंतर बाजारात खाजा, आमसुलं, काजू. वाटेत कुणकेश्वर. आणि अंधार पडायच्या आत घाट चढायचा म्हणून सगळ्यांवर ओरडाआरडा. सहल म्हणायला चार दिवसांची, पण बायकांची ती तिसऱ्या रात्रीच संपलेली असते. माझी अशी अठरा वर्षं गेली. आमच्या आत्यांची त्याहून जास्त.

आत्या म्हणजे माझ्या सासूबाई. आमच्यात सासूला आत्याच म्हणतात. वय एकाहत्तर, माहेर कागल तालुक्यातलं, घरात उसाचं गुऱ्हाळ. समुद्र त्यांनी पहिल्यांदा पाहिला तो पोरं मोठी झाल्यावर. तेव्हापासून जेवढ्या वेळा आम्ही किनाऱ्यावर गेलो, तेवढ्या वेळा आत्या वाळूत चटई टाकून बसल्या. मधोमध आत्या, भोवती अकरा जोड चपला, घड्याळं, मोबाइल, चष्मे, पाण्याच्या बाटल्या. "जावा की तुम्ही. मी बसतो हितं चपलापाशी." दरवर्षी हेच वाक्य. आणि आम्हीही जायचो. हे लिहिताना मला वाईट वाटतंय, पण खरं आहे ते. त्यांना पाण्यात यायचं असेल का, हे कुणी कधी विचारलंच नाही. चपला राखायला कुणीतरी लागतंच, एवढंच सगळ्यांच्या डोक्यात.

या वर्षी लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी फराळाला सगळे जमले तेव्हा मी बोलून टाकलं. एक रात्र जास्त राहायचं, शेवटच्या दिवशी कुठंही जायचं नाही, आणि प्रत्येकानं आपली पिशवी आपण भरायची, सहावीतल्या पोरानंसुद्धा. थोरल्या भाऊजींनी लगेच हिशेब मांडला, तीन खोल्यांचं एका रात्रीचं भाडं म्हणजे कमी नाही. बरोबरच होतं त्यांचं. मग आम्ही पाण्यातल्या खेळांचे पैसे त्याला लावायचं ठरवलं. पॅरासेलिंग नाही, बनाना राइड नाही. मुलं दोन दिवस नाराज होती. मी मागं हटले नाही.

पांडवपंचमीला पोचलो. षष्ठीला सिंधुदुर्ग किल्ला झाला. दूधबाव, दहीबाव, साखरबाव या तिन्ही विहिरी पाहिल्या. चहूकडं खारं पाणी आणि मधे या गोड्या पाण्याच्या बावी, मुलं कठड्यापासून हलेनात. जाता जाता एक सांगते, कारण आपल्यातल्या अनेकांना ते माहीत नसतं. १८१२ पर्यंत मालवण कोल्हापूरच्या छत्रपतींच्या राज्यात होतं, त्या वर्षीच्या तहात ते इंग्रजांकडं गेलं. म्हणजे हा किनारा आपल्याला काही परका नाही. सप्तमीला देवबागला होडीतून कर्ली नदीच्या संगमापर्यंत जाऊन आलो.

आणि मग अष्टमी. हाच तो दिवस.

आम्ही उतरलो होतो त्या घरचे म्हातारे आजोबा पहिल्याच संध्याकाळी मुलांना भरतीचं गणित शिकवून गेले होते. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते. पंचमी असेल तर पाचाची पाऊणपट पावणेचार, अष्टमी असेल तर सहा. सकाळी तेवढ्याला, तशीच संध्याकाळी. थोडं मागंपुढं होतं, पण किनाऱ्यावरची माणसं पिढ्यान्पिढ्या यावरच चाललीत. भरती रोज साधारण पन्नास मिनिटं उशिरा येते, ते या पाऊणपटीत आपोआप बसतं. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीला भांग. भांगाच्या दिवशी पाणी फार चढत नाही आणि फार उतरतही नाही. धाकट्या जावेचा मुलगा सातवीत आहे. तो रोज सकाळी सातला पाण्याच्या कडेशी एक काठी रोवून यायचा. पहिल्या सकाळी सातला पाणी बरंच आत गेलं होतं. अष्टमीला सातला बघतो तर पाणी चढून जवळ आलेलं, पहिली काठी बुडालेली. चौथा दिवस किनाऱ्यावर काढला म्हणून त्याला हे दिसलं. रोज नवा पॉइंट बघत फिरलो असतो तर समुद्र दर वेळी वेगळाच वाटला असता आणि ओळख कुठल्याच पाण्याशी झाली नसती.

सकाळी रापण लागली होती. होडी जाळ्याचा एक दोर किनाऱ्यावर ठेवून अर्धगोल फिरून येते, दुसरा दोर लांबवर उतरवते, आणि मग दोन रांगा दोन्हीकडून ओढायला लागतात. ओढत ओढत दोन्ही रांगा एकमेकींजवळ येतात. तासभर तरी चालतं. आमची मुलं विचारून दोराला लागली. आत्या लांबून बघत होत्या. बघता बघता माझ्याजवळ आल्या आणि म्हणाल्या, "काहील उतरायला आमच्यात असंच धरायचे बघ सगळे. एकानं जरी हात सोडला तर गूळ वाफ्यात पडायच्या जागी मातीत." त्यांच्या वडिलांच्या गुऱ्हाळाबद्दल मी त्यांच्या तोंडून कधी इतकं ऐकलं नव्हतं. चुलवाणावर रात्रपाळीला कोण असायचं, गरम काकवी कशात घालून खायची, पोरींना काहिलीजवळ कसं फिरकू द्यायचे नाहीत. जाळं वर आलं, त्यात तारली होती, थोडे बांगडे आणि भरपूर जेलीफिश. वाटे घालायला सुरुवात झाली तशा आत्या रापणकरांजवळ जाऊन उभ्या राहिल्या. दोराला हात लावणाऱ्या प्रत्येकाला वाटा मिळतो का, हे त्यांनी नीट विचारून घेतलं. मिळतो म्हटल्यावर समाधानानं मान हलवली.

दुपारी प्रत्येकानं आपापले खारे कपडे गोड्या पाण्यातून काढले. भाऊजींनी स्वतःचे आणि मुलांचे. नवऱ्यानं पिशव्या भरल्या, अगदी माझी साडी घडी घालून. मी व्हरांड्यात बसून होते. खरं सांगते, ते सोपं नव्हतं. टॉवेल कोपऱ्यात ओला पडलेला दिसत होता आणि माझे हात शिवशिवत होते. दोन वेळा उठले. धाकट्या जावेनं दोन्ही वेळा हाताला धरून खाली बसवलं. तिसऱ्या वेळी उठावंसंच वाटलं नाही. बायांनो, हे तुम्ही करून बघा, तासाभरानं मन ऐकतं.

चारला निघायच्या वेळी तो सातवीतला मुलगा म्हणाला, "काकी, चपला खोलीवरच ठेवूया ना. समुद्र तर इथंच आहे." घरापासून वाळू पन्नास पावलांवर. मोबाइल, घड्याळं, सगळं खोलीत कुलपाआड. आम्ही अकराजण अनवाणी निघालो. किती साधी गोष्ट! इतक्या वर्षांत आमच्यापैकी एकालाही सुचली नव्हती. किनाऱ्यावर पोचल्यावर आत्या सवयीनं बसायची जागा शोधायला लागल्या. आणि थांबल्या. राखायला काहीच नव्हतं.

ओहोटी उलटून पाणी पुन्हा चढत होतं. भांगाचा दिवस, लाटा लहान. मी विचारलं, "आत्या, येताय?" त्यांनी नऊवारीचा काष्टा वर खोचला, माझं मनगट धरलं आणि चालायला लागल्या. घोट्यापर्यंत पाणी आलं तशा थबकल्या. लाट मागं फिरली, तळपायाखालची वाळू निसटली, आणि आत्या केवढ्यानं ओरडल्या, "अगं, जमीनच सरकती की!" मुलं धावत आली. गुडघ्यापर्यंत गेल्या. चेहऱ्यावर पाणी उडालं, जिभेनं ओठ चाटून म्हणाल्या, "खारट हाय." इतकी वर्षं येऊन आत्यांनी समुद्राची चव त्या दिवशी पहिल्यांदा घेतली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

मग त्यांनी विचारलं, "ह्ये पाणी आपल्या पंचगंगंचं न्हवं?" सातवीतल्यानं समजावलं. गगनबावड्याकडची कुंभी पंचगंगेला मिळते, पंचगंगा नरसोबाच्या वाडीला कृष्णेला मिळते आणि कृष्णा पार आंध्रात जाऊन बंगालच्या उपसागराला. घाटमाथ्यावर पडलेला थेंब अलीकडं सांडला तर या समुद्रात, पलीकडं सांडला तर सगळा देश ओलांडून त्या समुद्रात. आत्या कितीतरी वेळ गप्प उभ्या राहिल्या. आयुष्यभर त्या वाडीला जातात, संगमावर ओंजळ वाहतात. म्हणाल्या, "एवढा जवळ समुद्र आणि आपलं पाणी उलट्या अंगाला जातं? मग आपणच यायचं हिकडं, दरसाल."

सूर्य सहाच्या सुमाराला बुडाला. डोक्यावर अष्टमीचा अर्धा चंद्र होता. खेकड्यांनी वाळूत घातलेल्या बारीक गोळ्यांची नक्षी भरतीच्या पाण्यानं पुसली जात होती. निघायची घाई कुणालाच नव्हती. आत्या अंधार पडेपर्यंत पाण्याच्या कडेनं एकट्या येरझाऱ्या घालत होत्या. आम्ही त्यांना एकटं सोडलं.

पैशाचं काय, रजेचं काय, असं विचाराल, तर एक रात्र वाढवता येत नसेल तर सहलच एका दिवसानं आखूड करा, पण शेवटचा पूर्ण दिवस मोकळा ठेवा. एक देऊळ, एक किल्ला पुढच्या वेळी. आणि खोली सोडायच्या आधी अर्ध्या तासात मारलेली ती शेवटची डुबकी तर बंदच करा. त्या घाईत ओहोटी आहे की भरती हे कुणी बघत नाही, आणि उतरतं पाणी माणसाला आत ओढतं. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पिशव्या. ज्यांनी कपडे ओले केले त्यांनीच ते धुवावेत. एवढ्यासाठी घरात वाद झाला तर होऊ द्या, मी तो केला आणि मला त्याचा जराही पश्चात्ताप नाही.

नवमीला पहाटे निघालो. पिशव्या आदल्या दुपारीच भरलेल्या होत्या, अर्ध्या तासात गाड्या हलल्या. घाटात आत्यांनी गाडी थांबवायला लावली आणि खाली कोकणाकडं बघत उभ्या राहिल्या.

आज कार्तिकी एकादशी. सकाळी त्या देवघरातून उठून आल्या. तिथ्या, उपास, सण यांना आयुष्यात कधी पंचांग बघावं लागलं नाही, त्यामुळं आजोबांचं गणित आमच्यात सगळ्यांत आधी त्यांनाच पाठ झालंय. साबुदाण्याची वाटी हातात घेऊन म्हणाल्या, "अकराची पाऊणपट, सव्वाआठ. तिकडं भरती आता पुरी होत आली असंल."

मी घड्याळ बघितलं. आठ वाजून दहा मिनिटं झाली होती.