‘घरबसल्या गोडवे’ म्हणणाऱ्या वाचकास

नमस्कार,

अपंगांसाठी 1970चा कायदा आणणारे ब्रिटिश खासदार आल्फ मॉरिस यांच्यावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत, ‘घरबसल्या विलायती खासदाराचे गोडवे गाणं सोपं असतं. खासदार भाषणापलीकडे करतात काय? शिवाय 1970च्या त्या कायद्यामागे पैसा होताच कुठे?’ मतभेदाचं मला वावडं नाही. पण ‘घरबसल्या’ हा शब्द टोचला, आणि टोचावा म्हणूनच तुम्ही तो वापरलात.

माझा धाकटा भाऊ पोलिओमुळे कॅलिपर लावून चालायचा. पाचवीला त्याचा वर्ग वरच्या मजल्यावर गेला. खाली खोली रिकामी होती, तरी ‘एकट्यासाठी वर्ग हलवता येणार नाही’ असं आईला सांगण्यात आलं. मग आई त्याला पाठुंगळी घेऊन जिना चढायची. कॅलिपरची लोखंडी पट्टी तिच्या कमरेला घासून वळ उठायचे. दाद मागायची कुठे आणि कशाच्या आधारावर, हे सांगणारं कुणी भेटलं नाही. भेटणार कसं? अपंगांच्या हक्कांचा आपला पहिला सर्वंकष कायदा यायला 1995 साल उजाडलं. भाऊ तोवर शिकायच्या वयातून बाहेर पडला होता. आणि तुम्ही मला घरबसल्या म्हणता! माझ्याबद्दल काहीही माहीत नसताना असं लिहायला तुमचा हात कसा धजावला, हे मला खरंच कळत नाही.

मॉरिस मला मोठे वाटतात ते यामुळेच. त्यांचे वडील पहिल्या महायुद्धात एक पाय आणि एक डोळा गमावून आले आणि मुलगा लहान असतानाच गेले. ब्रिटनमध्ये स्वतःचं विधेयक मांडायची संधी कोणत्या खासदारांना द्यायची, हे चिठ्ठ्या काढून ठरतं. 1969च्या अशा सोडतीत मँचेस्टरच्या या खासदाराचं नाव पहिलं निघालं. अशी संधी पुन्हा मिळेलच असं नसतं. त्यांनी ती अपंगांसाठी खर्च केली. कानांनी ऐकू न येणारे खासदार जॅक अ‍ॅशली त्यांच्या सोबत होते. निवडणुकीसाठी संसद बरखास्त होत असताना, 29 मे 1970 रोजी, विधेयकाचा कायदा झाला.

त्यात काय होतं? आपल्या हद्दीत अपंग माणसं किती, हे कौन्सिलनेच, म्हणजे तिथल्या स्थानिक प्रशासनानेच, शोधायचं. गरज पटली की घरातली मदत, जेवण, टेलिफोन, घरात करायचे फेरफार, याची व्यवस्था करणं तिचं कर्तव्य. स्वमग्न (ऑटिझम असलेल्या), डिस्लेक्सियामुळे लिहिण्या-वाचण्यात अडचण येणाऱ्या आणि दिसतही नाही, ऐकूही येत नाही अशा मुलांच्या शिक्षणाची काय सोय केली, हे शिक्षण खात्याने विचारायचं आणि स्थानिक अधिकाऱ्यांनी सांगायचं. म्हणजे माझ्या आईसारखीला कुणाच्या दयेची वाट बघायला नको. काम कुणाचं, ते कागदावर आलं. याला तुम्ही भाषण म्हणता?

पैशाचं म्हणाल, तर सगळ्या कौन्सिलांनी सारखी तत्परता दाखवली नाही, एवढं मान्य. इमारतींच्या कलमात ‘शक्य आणि वाजवी असेल तेवढं’ अशी पळवाट राहिली, हेही खरं. पण तेवढ्यावरून अख्खा कायदा मोडीत काढायचा असेल, तर त्या वादात मला पडायचं नाही.

1974 मध्ये मॉरिस अपंगांसाठीचे जगातले पहिले मंत्री झाले. त्यांच्या कायद्यातली कलमं फार मोठी नाहीत. ती एकदा वाचा आणि मग बेधडक विरोधात लिहा, मी उत्तर देईन. माझ्या घराबद्दल मात्र पुन्हा लिहू नका.