‘फक्त सॉफ्टवेअरचा फरक’? व्हीआरएसमध्ये गोल्फ आरचा ईसीयू टाकण्याआधी

गाडीवेड्यांच्या ग्रुपांवर एक दावा सतत फिरत असतो. २०१७ साली भारतात आलेली २३० पीएसची (पीएस म्हणजे अश्वशक्ती) स्कोडा ऑक्टाव्हिया व्हीआरएस आणि युरोपातली ३०० पीएसची फोक्सवॅगन गोल्फ आर यांचं इंजिन एकच आहे, तिसऱ्या पिढीचं दोन लिटरचं ईए८८८. ताकद कंपनीने सॉफ्टवेअरमध्ये दाबून ठेवली आहे. तेव्हा आरचा जुना ईसीयू (इंजिन चालवणारा संगणक) मागवा, नाहीतर त्याची फाइल, म्हणजे त्यातलं सॉफ्टवेअर, आपल्या ईसीयूत टाका. ७० पीएस फुकट, अ‍ॅव्हरेजही वाढतं, आणि सर्व्हिसिंगआधी मूळ फाइल परत टाकली की कोणाला पत्ता लागत नाही.

यात घराणं एक आहे एवढं खरं. बाकीचं एकेक पाहू.

‘इंजिन एकच आहे’

आर बनवताना फोक्सवॅगनने सिलिंडर हेड, एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, त्यांच्या सीट आणि स्प्रिंगा, पिस्टन, इंजेक्टर आणि टर्बो (इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा), एवढं बदललं. व्हीआरएसवर आयएस२० टर्बो आहे, आरवर त्याहून मोठा आयएस३८. आरचा मॅप (फाइलमधले आकड्यांचे तक्ते) मोठा टर्बो गृहीत धरून बूस्ट, म्हणजे हवेचा जादा दाब, मागतो. छोटा टर्बो वरच्या आरपीएमला तेवढी हवा देऊच शकत नाही. मग ईसीयू वेस्टगेट (टर्बोला बगल देऊन धूर सोडणारी झडप) बंद ठेवून त्याला आणखी पळवतो, शाफ्टचा वेग मर्यादेबाहेर जातो, हवा तापते आणि शेवटी अंडरबूस्टचा (हवा कमी पडल्याचा) कोड येऊन गाडी लिंप मोडमध्ये, म्हणजे ताकद कापून जेमतेम चालण्याच्या अवस्थेत, जाते. इंजेक्टरची आकडेमोड वेगळी असल्यामुळे फ्युएल ट्रिमही (इंधन कमी-जास्त करणाऱ्या दुरुस्त्या) भरकटतात.

‘ईसीयू बदलणं म्हणजे दोन सॉकेट काढून लावणं’

सॉकेट बसतात, त्यात वाद नाही. पण ईसीयू, मीटर आणि चावी इमोबिलायझरने (चोरी रोखणाऱ्या यंत्रणेने) एकमेकांना बांधलेले असतात. दुसऱ्या गाडीचा ईसीयू लावला की इंजिन सुरू होतं आणि सेकंद-दोन सेकंदांत बंद पडतं. त्याला एक तर कंपनीच्या सर्व्हरवरून ऑनलाइन जुळवणी लागते, नाहीतर टेबलावर क्लोनिंग. क्लोनिंगमध्ये जुन्या ईसीयूतला इमोबिलायझरचा डेटा वाचून नव्यात लिहितात, आणि त्यासाठी दोन्हींचा हार्डवेअर नंबर जुळावा लागतो. त्यात आर ही चारही चाकांना ताकद देणारी गाडी. तिच्या कोडिंगला मागच्या डिफरन्शियलचा कंट्रोलर हवा असतो, आणि व्हीआरएसमध्ये तो नाहीच. ईसीयू बदलण्याचं खरं कारण एकच उरतं, मूळ ईसीयू पाण्याने किंवा अर्धवट फ्लॅशिंगने (फाइल अर्धीच लिहिली गेल्याने) मेला असेल तर.

‘गिअरबॉक्सला काही होत नाही, तो आपोआप जुळवून घेतो’

सगळ्यात महागात पडणारं वाक्य हे, म्हणून जरा थांबून.

तुम्ही पॅडल दाबलं की ईसीयू आधी किती न्यूटन-मीटर टॉर्क (फिरवण्याचा जोर) द्यायचा ते ठरवतो. त्यावरून हवा, हवेवरून बूस्ट आणि इग्निशन. टॉर्कचा तोच आकडा कॅन लाइनवरून (गाडीतल्या संगणकांना जोडणाऱ्या तारेवरून) डीएसजीला, म्हणजे दोन क्लचच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सला, जातो आणि क्लचवर किती तेलदाब द्यायचा हे डीएसजी त्यावरून ठरवतो. व्हीआरएसचा सहा गिअरचा डीक्यू२५० मुळात ३५० न्यूटन-मीटरसाठी मोजलेला, आणि कंपनीचं इंजिन बरोबर तेवढाच टॉर्क देतं. म्हणजे शिल्लक फार नाही.

स्वस्तातला ट्यूनर (फाइल बदलून देणारा) गिअरबॉक्सची फाइल न उघडता काम उरकतो. डीएसजीने टॉर्क कापू नये म्हणून तो ईसीयूतलं टॉर्कचं गणितच खोटं करतो. इंजिन ४३० देतं, लाइनवर ३४० जातात. डीएसजी ३४०च्या हिशेबाने क्लच दाबतो आणि क्लच घसरतो. सुरुवातीला जाणवतही नाही. नुसता आरपीएम जरा हलका चढतो, आणि मालक म्हणतो काय पिकअप आलाय!

तपासणी सोपी आहे. तिसऱ्या गिअरमध्ये, मॅन्युअल मोडवर, मोकळ्या ट्रॅकवर २,०००पासून पूर्ण थ्रॉटल द्या आणि इंजिन आरपीएम व पहिल्या क्लचच्या शाफ्टचा आरपीएम एकत्र लॉग करा (पहिला, तिसरा, पाचवा गिअर याच क्लचवर चालतात). टॉर्कच्या शिखरावर दोन्हींतलं अंतर वाढत जाऊन शंभराच्या वर टिकलं, तर क्लच घसरतोय. घसरलेल्या क्लचची भुकटी तेलातून मेकाट्रॉनिकच्या (गिअरबॉक्सच्या कंट्रोल युनिटच्या) सोलेनॉइडपर्यंत पोचते. उपाय म्हणजे टॉर्कची मर्यादा आणि क्लचचा दाब वाढवलेली डीएसजीची स्वतंत्र फाइल. शिवाय तेल-फिल्टरसाठी कंपनी सांगते त्या ६०,००० किलोमीटरची वाट न पाहता ४०,०००लाच बदल.

‘युरोपातली फाइल इथेही चालते’

तिकडच्या फाइली बहुतेक ९८ ऑक्टेनवर बांधलेल्या असतात. इथल्या पंपावर आता ई२० (२० टक्के इथॅनॉल मिसळलेलं पेट्रोल) मिळतं, आणि इथॅनॉलमुळे त्याच हवेला वजनाने साधारण ८ ते ९ टक्के जास्त इंधन लागतं (शुद्ध पेट्रोलचं प्रमाण १४.७, ई२०चं सुमारे १३.५). इथॅनॉलने नॉक (सिलिंडरमध्ये इंधनाचा अवेळी स्फोट) कमी होतो हे खरं, पण हाय प्रेशर पंप आधीच काठावर असेल तर वरच्या आरपीएमला रेल प्रेशर (इंजेक्टरला मिळणाऱ्या इंधनाचा दाब) कोसळतं आणि मिश्रण पातळ होतं. लॉगमध्ये मागितलेलं आणि मिळालेलं रेल प्रेशर शेजारीशेजारी ठेवा. प्रत्येक सिलिंडरच्या ठिणगीचं टायमिंग नॉकमुळे किती अंश मागे जातंय तेही पाहा. एखाददुसरा अंश चालतो. चार-पाच अंश वारंवार जात असतील तर ती फाइल तुमच्या पेट्रोलसाठी नाही.

‘अ‍ॅव्हरेज वाढतं’

संथ चालवताना पेट्रोल इंजिन लॅम्डा १वरच (हवेला नेमकं पुरेल एवढ्याच इंधनावर) चालतं, मॅप कोणताही असो. मीटरवरचा आकडा मात्र वाढू शकतो, कारण इंजेक्टरचे आकडे बदलले की मीटरचा हिशेबही चुकतो. टाकी फुल करून दोनदा मोजा.

‘परत मूळ फाइल टाकली की पत्ता लागत नाही’

ईसीयूत किती वेळा प्रोग्रॅमिंग झालं याची मोजणी राहते. फोक्सवॅगन समूहाच्या सर्व्हिस सेंटरचं यंत्र बदललेलं सॉफ्टवेअर ओळखलं की गाडीवर टीडी१ (वॉरंटी नाकारण्यासाठीची) खूण लावतं, आणि ती खूण ईसीयूत नाही, कंपनीच्या नोंदीत राहते. पीयूसी पास झाल्याचा दाखलाही कामाचा नाही. पेट्रोल गाडीची ती चाचणी उभ्या गाडीवर होते, फुल बूस्टवर नाही. कायद्याचं म्हणाल तर मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आरसीवरच्या तपशिलाशी न जुळणाऱ्या बदलांना मनाई करतं. अपघातानंतर विमा कंपनीला न कळवलेला बदल सापडला की तुमची बाजू लंगडी पडते.

व्हीआरएसच्या हार्डवेअरसाठीच लिहिलेल्या चांगल्या फाइलने चांगल्या इंधनावर २८० पीएसच्या आसपास जाता येतं, हे नाकारण्यात अर्थ नाही. मात्र आधी मूळ फाइलची प्रत काढून स्वतःकडे ठेवा, नवे प्लग कंपनीच्या गॅपपेक्षा थोडे कमी, ०.६ ते ०.७ मिलिमीटरवर बसवा, आणि फ्लॅशिंग चालू असताना बॅटरीला किमान ३० अँपिअरचा स्थिर सप्लाय जोडा. व्होल्टेज मध्येच पडलं तर ईसीयू अर्धवट लिहिला जाऊन मरतो, आणि मग खरोखरच दुसरा शोधत बसावं लागतं.