तापानंतर पाय गेले म्हणजे मूळ आजारच वाढला? नाही

सोलापुरातल्या पालकांच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. मस्क्युलर डिस्ट्रॉफीच्या मुलाचे हातपाय तापानंतर लुळे पडले तर तो मूळ आजारच वाढलेला असतो, ॲडमिट करून पैसे घालवू नका, मालिश करा, स्टिरॉइड ताबडतोब बंद करा, फ्लूची लस नको कारण जीबीएस (अचानक हातपाय लुळे पाडणारा नसांचा आजार) तिच्यानेच होतो, आणि हॉस्पिटलवाले पोलिओच्या नावाखाली शौचाचे नमुने नेतात ते देऊ नका. शेवटी 'दहा ग्रुपवर पाठवा' आहेच. मी फिजिओथेरपिस्ट आहे, अशी मुलं माझ्याकडे नेहमी येतात, म्हणून गप्प बसवत नाही.

'मूळ आजारच वाढला.' डुशेनमध्ये, म्हणजे मुलांमधल्या मस्क्युलर डिस्ट्रॉफीच्या सगळ्यात नेहमीच्या प्रकारात, डिस्ट्रोफिन हे प्रथिन तयार होत नाही आणि स्नायू झिजत जातात, पण महिन्या-वर्षांच्या हिशेबाने. मंगळवारी भिंत धरून चालणारा मुलगा शुक्रवारी ताटातला घास उचलू शकत नाही, हे डुशेनचं काम नव्हे. मेसेजमध्ये खरं आहे ते एवढंच, की तापात आठवडाभर अंथरुणाला खिळलं तर या मुलांचं चालणं खरोखर ढासळतं. पण त्याने हातापायांना मुंग्या येत नाहीत, चेहरा सैल पडत नाही, गिळताना ठसका लागत नाही. ही लक्षणं नसांची, म्हणजे मज्जातंतूंची. चिकनगुनिया, डेंग्यू, फ्लू, कोविड यांपैकी कशाहीनंतर शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच नसांवर उलटू शकते. तोच गिया-बारे, म्हणजे जीबीएस. जानेवारी 2025मध्ये पुण्यात साथ आली आणि एक संशयित मृत्यू सोलापुरात झाला, तेव्हापासून हे नाव आपल्याकडे घरोघरी माहीत आहे. पुण्यात बोट दूषित पाण्याकडे होतं. आपल्याकडे नळाला पाणी काही दिवसांआड, म्हणून घरोघरी बॅरल भरलेले, आणि डेंग्यू-चिकनगुनियाचा डास त्यातच वाढतो.

फरक ओळखायचा कसा? रक्तातलं सीपीके, म्हणजे स्नायूंना इजा झाली की वाढणारं एन्झाइम, इथे फसवतं, कारण डुशेनमध्ये ते आधीपासूनच हजारोंत असतं. मी छोटी हातोडी घेते आणि ठोकल्यावर पाय आपोआप झटकतो का ते बघते. डुशेनमध्ये गुडघ्याचा झटका लवकर जातो, घोट्याचा मात्र बरीच वर्षं टिकतो. आधी येणारा घोट्याचा झटका तापानंतर अचानक येईनासा झाला, तर मुलाला त्याच दिवशी न्यूरॉलॉजिस्टकडे पाठवायचं. पुढे नसांची तपासणी आणि गरज पडली तर पाठीतलं पाणी. निव्वळ पोटऱ्या दुखत असतील तर तो विषाणूचा स्नायुदाहही असू शकतो. पण लघवी कोकसारखी काळपट झाली तर तीही इमर्जन्सीच.

'ॲडमिट करू नका.' सगळ्यात घातक मुद्दा हाच. आयव्हीआयजी (शिरेतून दिलेली प्रतिपिंडं) किंवा प्लाझ्मा बदलणं पहिल्या दोन आठवड्यांत जास्त उपयोगी पडतं. शिवाय या मुलांची श्वासाची ताकद आधीच कमी असते, वर जीबीएस आला की हाताशी वेळ फार थोडा उरतो. नुसता ऑक्सिजन लावला की ऑक्सिजनचा आकडा चांगला दिसतो आणि आत कार्बन डायऑक्साइड साठत राहतो. म्हणून श्वासाला आधार, म्हणजे बायपॅप लागेल का, हे विचाराच. भूल देणाऱ्या डॉक्टरांना डुशेन आहे हे आधी सांगा, कारण सक्सिनिलकोलीन या स्नायू सैल करणाऱ्या औषधाने अशा मुलाचं हृदय थांबू शकतं. पैशांसाठी महात्मा फुले जनआरोग्य योजनेची चौकशी करा, जीबीएस त्यात येतो. मालिशने नस बरी होत नाही, आणि जोरात चोळलं तर नाजूक स्नायूंना इजाच होते.

'स्टिरॉइड बंद करा.' जीबीएसवर स्टिरॉइडचा उपयोग होत नाही, हे खरं. पण डुशेनचा मुलगा वर्षानुवर्षं ते घेत असतो आणि त्याच्या शरीराने स्वतःचं कॉर्टिसॉल (शरीरातलं नैसर्गिक स्टिरॉइड) बनवणं कमी केलेलं असतं. गोळी अचानक तोडली तर रक्तदाब कोसळू शकतो. उलट मोठ्या आजारात डॉक्टर डोस वाढवतात.

लसीचं थोडक्यात: फ्लूच्या लसीने जीबीएस झालाच तर दहा लाख डोसांमागे एखाद-दुसऱ्याला, खुद्द फ्लूनंतरचा धोका त्याहून जास्त. स्टिरॉइडवरच्या मुलाला इंजेक्शनची लस द्यावी, नाकात मारायची जिवंत विषाणूची नको.

राहिले शौचाचे नमुने. 15 वर्षांखालच्या कुठल्याही मुलाला अचानक लुळेपणा आला तर कारण काहीही असो, हॉस्पिटलला ते आरोग्य खात्याला कळवावंच लागतं. मग लुळेपणा सुरू झाल्यापासून 14 दिवसांच्या आत, किमान 24 तासांच्या अंतराने दोन नमुने घेतात. भारत 2014मध्ये पोलिओमुक्त जाहीर झाला, तरी ही पाळत चालू आहे. नमुना मागितला म्हणजे तुमच्या मुलाला पोलिओ झाला असं नव्हे, आणि त्यासाठी उपचार थांबतही नाहीत. डबी भरून द्या.