‘शाळेत कायदा कशाला?’ या मजकुराला उत्तर

सातारा जिल्ह्यातील पालकांच्या व्हॉट्सॲप गटांवर सध्या एक मजकूर फिरतो आहे. आठवी ते दहावीच्या मुलांना कायदा शिकवणे निरर्थक आहे, असे त्याचे म्हणणे असून त्यासाठी चार कारणे दिली आहेत: अठरा वर्षांखालील मुलांना कायदा लागूच होत नाही, हक्क कळले की मुले शिक्षकांवर आणि आईवडिलांवर तक्रारी करत सुटतात, नागरिकशास्त्रात हे सारे आधीच आहे, आणि कायदा हे वकिलांचे काम असल्याने खेड्यातल्या मुलांना घरचे संस्कार पुरेसे आहेत. शाळांमधून मुलांशी कायद्याविषयी बोलण्याचे काम मी करतो, म्हणून या मजकुराला उत्तर देणे मला आवश्यक वाटते.

पहिला मुद्दा सर्वांत घातक आहे, कारण तो खरा मानून मुले वागतात. भारतीय न्याय संहितेनुसार सात वर्षांखालील मुलाचे कृत्य गुन्हा ठरत नाही आणि सात ते बारा या वयात, आपण काय करतो आहोत हे समजण्याइतकी पक्वता त्या मुलाला आली होती का, हे पाहिले जाते. बारा वर्षे पूर्ण झाली की हे संरक्षण संपते. त्यानंतर अठरापर्यंत प्रकरण बाल न्याय मंडळापुढे जाते आणि तेथे भर शिक्षेपेक्षा सुधारणेवर असतो, हे खरे. परंतु सोळा वर्षे पूर्ण झालेल्या मुलावर अत्यंत गंभीर गुन्ह्याचा आरोप असेल, तर 2015 च्या बाल न्याय अधिनियमानुसार प्राथमिक मूल्यमापनानंतर त्याच्यावर प्रौढाप्रमाणे खटला चालू शकतो.

त्याहून रोजची गोष्ट म्हणजे गाडी. कोरेगाव तालुक्यातील एका शाळेत नववीतल्या मुलाने मला विचारले, “सर, गाडी आजोबांच्या नावावर आहे. मला पकडलं तर केस कुणावर?” प्रश्न अगदी नेमका होता. मोटार वाहन अधिनियमात 2019 साली आलेल्या 199-अ या कलमानुसार अल्पवयीन मुलाने गुन्हा केल्यास पालक किंवा वाहनमालक दोषी धरला जातो. तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार रुपये दंड होऊ शकतो, गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते आणि त्या मुलाला वयाच्या पंचविसाव्या वर्षापर्यंत परवाना मिळत नाही. आपल्याला माहीत नव्हते, किंवा आपण पुरेशी काळजी घेतली होती, हे सिद्ध करण्याची जबाबदारी आजोबांवर येते. सोळाव्या वर्षी गाडी चालवता येते, असेही एकाने सांगितले. ते अर्धेच खरे आहे, कारण ती सवलत पन्नास सीसीपर्यंतच्या बिनगिअरच्या गाडीला आहे आणि तीही परवाना काढूनच. घरोघरी दिसणाऱ्या मोपेड बहुधा शंभर सीसीच्या वर असतात. तास संपल्यावर त्या मुलाने कलमाचा क्रमांक वहीत उतरवून घेतला आणि “आजोबांना दाखवतो” म्हणाला. मोबाइलचेही तसेच आहे: वर्गातल्या मुलीचे अश्लील छायाचित्र पुढे पाठवणे हा माहिती तंत्रज्ञान अधिनियमाच्या 67-ब कलमाखाली गुन्हा आहे, आणि पाठवणारा स्वतः पंधरा वर्षांचा असला तरी तो गुन्हाच राहतो.

दुसऱ्या मुद्द्यामागची भीती मी उडवून लावणार नाही. खोट्या तक्रारीने एखाद्या शिक्षकाचे आयुष्य उद्ध्वस्त होऊ शकते. पोक्सो, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणाऱ्या कायद्यात, हेतुपुरस्सर खोटी तक्रार करणाऱ्या प्रौढाला शिक्षा आहे, परंतु मुलाने तशी तक्रार केली तर त्याला शिक्षा करता येत नाही. मुलाला शिक्षेचा धाक नाही, म्हणूनच तक्रार म्हणजे काय, तिच्यामुळे पुढे काय काय घडते आणि खरे सांगणे का गरजेचे आहे, हे त्याला आधी समजावून सांगितले पाहिजे. अज्ञानामुळे खोट्या तक्रारी थांबत नाहीत. खऱ्या तक्रारी मात्र दबून राहतात. शिवाय हक्क शिकवले की कर्तव्ये मागे पडतात, हा समजच चुकीचा आहे. नागरिकांची मूलभूत कर्तव्ये 1976 च्या बेचाळिसाव्या दुरुस्तीने संविधानातच आली, आणि सहा ते चौदा वयाच्या मुलांना शिक्षणाची संधी देण्याचे अकरावे कर्तव्य 2002 साली पालकांवर टाकले गेले. त्याच दुरुस्तीने मुलाला शिक्षणाचा मूलभूत हक्कही दिला.

तिसऱ्या मुद्द्यासाठी पाठ्यपुस्तक उघडणे पुरेसे आहे. राज्य मंडळाच्या ज्या पुस्तकातून आजवर नववीची मुले राज्यशास्त्र शिकली, त्यात परराष्ट्र धोरण, सुरक्षा व्यवस्था, संयुक्त राष्ट्रे असे विषय आहेत. ते महत्त्वाचे आहेतच, पण पोलीस ठाण्यात खबर कशी द्यावी आणि नोंदवलेल्या खबरीची प्रत तक्रारदाराला विनामूल्य मिळते, हे त्यातून कळत नाही.

राहिला संस्कारांचा मुद्दा. चांगल्या संस्कारांना विरोध कोण करील? परंतु दहावीतल्या मुलीचे लग्न ठरवणारी माणसे बहुतेक वेळा घरातली वडीलधारीच असतात आणि आपण तिच्या भल्याचेच करतो आहोत, असे त्यांना मनापासून वाटत असते. 2006 च्या बालविवाह प्रतिबंधक कायद्यानुसार असा विवाह लावणाऱ्यालाही दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी होऊ शकते, आणि 1098 या क्रमांकावर ती मुलगी किंवा तिची मैत्रीण स्वतः कळवू शकते. हे तिला शाळेने सांगितले नाही, तर कोण सांगणार?

खेड्यातल्या मुलांना हे झेपणार नाही, हे तर या जिल्ह्यात कुणी म्हणू नये. आजच्या खटाव तालुक्यातील औंध येथे 1939 साली तेथील संस्थानिक भवानराव पंतप्रतिनिधींनी गांधीजींच्या मार्गदर्शनाखाली संस्थानाला स्वराज्याची घटना दिली आणि गावचा कारभार लोकांनी निवडलेल्या पंचायतींच्या हाती सोपवला. तेव्हाच्या शेतकऱ्यांना जे पेलले, ते त्यांच्या नातवंडा-पतवंडांना का पेलू नये?

यासाठी नवा विषय किंवा नवी परीक्षा नको आहे. महिन्याला एक तास पुरतो. जिल्हा विधी सेवा प्राधिकरण शाळांमधून कायदेविषयक शिबिरे घेते. मुख्याध्यापकांनी त्यासाठी लेखी विनंती करावी आणि सुरुवात गाडी, मोबाइल, विवाहाचे वय व तक्रार कशी द्यावी, या विषयांपासून करावी.