रेघेवर बसलेली माशी

"पीएचडी करतेस आणि एकादशी धरतेस?" कँटीनमध्ये साबुदाण्याच्या खिचडीची प्लेट उचलली की हा प्रश्न हमखास येतो. गावी गेलं की तोच प्रश्न उलटा होऊन येतो: "एवढं शिकून देवाला विसरली नाहीस ना गं?" दोन्हीकडे गृहीत एकच, की लॅबमध्ये शिरताना देव चपलांसारखा दाराबाहेर काढून ठेवावा लागतो. मला ते पटत नाही. आणि "शेवटी विज्ञान आणि अध्यात्म एकच" हे व्हॉट्सॲपवरचं गोडगोड वाक्य तर त्याहून पटत नाही.

माझं काम फळमाश्यांवर आहे. (होय, मी सरकारी पैशावर माश्या मारते. हा विनोद आमच्या लॅबमधल्या प्रत्येकाच्या मामाने करून झालाय.) २५ अंशांना अंड्यापासून माशी व्हायला साधारण १० दिवस लागतात. क्रॉस लावायचा, म्हणजे ठरावीक नर-मादीची जोडी जुळवायची, तर मादी कोरी हवी, म्हणजे कोषातून बाहेर पडल्यावर ८ तासांच्या आत नरांपासून वेगळी काढायला हवी. म्हणून सकाळ-संध्याकाळ व्हर्जिन कलेक्शन. त्याला रविवार नाही, दिवाळी नाही. मधल्या वेळात मक्याचं पीठ, साखर, यीस्ट आणि अगार शिजवून त्यांचा स्वयंपाक करायचा. स्वतःचा डबा मेसचा. जेआरएफची, म्हणजे ज्युनिअर रिसर्च फेलोची, फेलोशिप महिन्याला ३७,००० रुपये, कागदावर. हातात येते तेव्हा बरेच महिने एकदम येतात, आणि तोवर घरमालकापुढे जी होते ती खरी व्हायवा, म्हणजे तोंडी परीक्षा.

पालख्या पुण्यात आल्या की मी माश्यांच्या बाटल्या १८ अंशांच्या इनक्युबेटरमध्ये हलवते. गारव्यात त्यांची वाढ मंदावते, मादी वेगळी काढायला जवळपास दुप्पट वेळ मिळतो. मग माउलींच्या पालखीबरोबर दिवे घाट चढून सासवडपर्यंत जायचं आणि रात्री मिळेल त्या गाडीने परत येऊन कलेक्शनला बसायचं. वारीत मी काहीही मागत नाही. पेपर छापून येऊ दे, सिनोप्सिस पास होऊ दे, काही नाही. नवस बोलणाऱ्यांची संतांनी चारशे वर्षांपूर्वीच टिंगल करून ठेवली आहे. (आमची आजी तरीही बोलते, तिला कोण सांगणार.) जो देव निकालाची हमीच देत नाही, त्याचा माझ्या निकालाशी संबंध येत नाही. आमचं छान चाललंय.

खरी भीती वेगळ्याच श्रद्धेची आहे. आमचा एक साधा प्रयोग असतो: काचेच्या नळीत माश्या घ्यायच्या, नळी टेबलावर आपटून सगळ्यांना तळाशी पाडायचं आणि १० सेकंदांत किती माश्या खुणेच्या रेघेच्या वर चढल्या ते मोजायचं. पार्किन्सनसारख्या आजाराशी जोडलेला जीन बिघडलेल्या माश्या कमी चढतात. ऐकायला सोपं. पण दहाव्या सेकंदाला एखादी माशी नेमकी रेघेवर बसलेली असते. ती वर धरायची की खाली? नळीवर 'म्युटंट' (जीन बिघडलेल्या) लिहिलेलं असेल तर ती खालीच दिसते. 'कंट्रोल' (तुलनेसाठीच्या धडधाकट) लिहिलेलं असेल तर वर दिसते. यात लबाडी नाही; डोळाच फितूर होतो. अशा चार-पाच माश्या मनासारख्या मोजल्या की निकाल 'सिग्निफिकंट', म्हणजे निव्वळ योगायोग वाटू नये असा, होतो आणि ग्रुप मीटिंगमध्ये सर खूश.

म्हणून आम्ही नळ्यांवर नावं लिहीत नाही. लॅबमधली मैत्रीण नुसते आकडे घालून देते, यादी तिच्या ड्रॉवरमध्ये, आणि सगळं मोजून झाल्याशिवाय ती उघडत नाही. ही पद्धत गृहीतच धरते की मी श्रद्धाळू आहे. देवावर असेन वा नसेन, स्वतःच्या हायपोथिसिसवर, म्हणजे प्रयोगाआधी बांधलेल्या अंदाजावर, नक्कीच. कट्टर नास्तिकही आपल्या हायपोथिसिसला नवस बोलताना मी पाहिलेत. "अजून तीन नळ्या करून बघू, येईल" हा नवसच की!

खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर सरांनी सुधाकर कुंटे, अंधश्रद्धा निर्मूलनवाले नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांच्याबरोबर फलज्योतिषाची चाचणी घेतली, तिचा पेपर २००९ साली 'करंट सायन्स'मध्ये आला. हुशार मुलांच्या आणि मतिमंद मुलांच्या कुंडल्या नाव न सांगता ज्योतिषांना दिल्या. २७ जणांनी प्रत्येकी ४० कुंडल्या तपासून उत्तरं पाठवली आणि सरासरी ४६ टक्के बरोबर आली. नाणं उडवलं असतं तरी पन्नासच्या आसपास आली असती. मला त्यातलं आवडतं ते हे, की कुणाच्याही भक्तीला हात न लावता फक्त दाव्याला हात घातला. कुंडलीवरून बुद्धी कळते म्हणता? बरं, कळवा.

इस्रोवाल्यांनी चांद्रयान-३ च्या आधी तिरुपतीला प्रतिकृती नेली तेव्हा फेसबुकवर जे रणकंदन झालं, त्यात मी मुद्दाम पडले नव्हते. आता पडते. २०१९ ला चांद्रयान-२ चं लँडर आपटलं, तेव्हा त्यांनी कारणं शोधली, लँडरचे पाय भक्कम केले, जास्त इंधन भरलं, उतरायची जागा ५०० मीटर बाय ५०० मीटरवरून ४ किलोमीटर बाय २.४ किलोमीटर केली. बालाजीच्या भरवशावर यातलं काही सोडलं असतं तर मी सगळ्यात आधी ओरडले असते.

पण खंडेनवमीला सेंट्रिफ्यूजला (नमुने गरागरा फिरवणाऱ्या मशीनला) झेंडूचा हार घालतात ना, तिथे मी थोडी अडते. पेढा खाते, हार त्याच्या फिरत्या भागात, रोटरमध्ये, जाणार नाही एवढं बघते. तरी सरकारी संस्थेत वेगळ्या धर्माचा किंवा कुठलाच धर्म न मानणारा सहकारी दाराशी हात बांधून उभा राहतो, आणि "ये रे, प्रसाद घे" म्हणून त्याला ओढतात, ते मला आवडत नाही. माझी श्रद्धा माझ्या रजेच्या दिवशी, माझ्या पायांनी. मशीन सगळ्यांचं आहे.

आता थिसिस लिहायला घेतलाय, तर परवा ज्युनिअरने विचारलं, ऋणनिर्देशात विठ्ठलाचं नाव घालणार का? घालणार. आधी नळ्यांवर आकडे घालणारी मैत्रीण, मग आई-बाबा, मग विठ्ठल. चौथ्या प्रकरणात, जिथे माश्यांचे आकडे आहेत, तिथे यातलं कुणीही नाही. सरांनी हा क्रम बदलायला सांगितला, तर त्यांना स्वतःचं नाव वर सरकवून हवं असेल, इतकंच.